थंडीत उगवणाऱ्या गाठी : निफाडच्या एका शेततळ्यातील कोई माशांचे प्रकरण

पार्श्वभूमी

निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार कुटुंब. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव गाळले आहे आणि काही तपशील बदलले आहेत. घरच्या कर्त्या माणसाला इथे नाना म्हणू, त्यांच्या पत्नीला काकू. बागेच्या पाण्यासाठी ३० बाय ३० मीटरचे, तीन मीटर खोल, कागद टाकलेले शेततळे आहे. काठोकाठ भरले की त्यात साधारण बावीस लाख लिटर पाणी मावते. बागेला देता देता जानेवारीपर्यंत त्यातले पंधरा लाख लिटर उरते.

सुरुवातीची काही वर्षे तळ्यात रोहू, कटला आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) होते. मासे किलोवर विकायचे आणि नफा खाद्यात घालायचा, असा प्रकार. मग काकूंच्या भाच्याने कोईचे, म्हणजे रंगीबेरंगी शोभेच्या कार्प माशांचे, वेड लावले. सायप्रिनस आणि कोई ही एकाच जातीची भावंडे, त्यामुळे सांभाळायला वेगळे काही शिकावे लागत नाही. फरक बाजारात पडतो. पाच-सहा इंचांचा रंगीत मासा किलोवर नाही, नगावर जातो. तळ्यात हापे, म्हणजे बारीक जाळीचे पिंजरे, बांधले, जलपर्णीच्या मुळांवर अंडी घेतली आणि दोन हंगामांत कुर्ल्याच्या घाऊक बाजारातला एक व्यापारी नियमित माल उचलू लागला. या सगळ्या कामात नाना भांडवल आणि गाडी पुरवत. खाद्य, हापे, अंडी, पिल्ले हे काकूंचे खाते.

ऑक्टोबरमध्ये नानांनी एका हौशी माणसाकडचे वीस मोठे मासे एकगठ्ठा घेतले. त्यांत कोईच्या वेगवेगळ्या रंगवाणांचे मासे होते : कोहाकू होते, शोवा होते आणि निळसर पाठीचे चार असागी होते. पुढच्या हंगामासाठी प्रजनक म्हणून ते हवे होते. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून आणले, पिशव्या अर्धा तास तळ्यात तरंगत ठेवल्या आणि मासे सोडून दिले. आधी महिनाभर वेगळ्या हौदात ठेवून पाहायला हवे होते, असे नंतर सगळ्यांनीच सांगितले. मात्र ऑक्टोबर हीटच्या कोमट पाण्यात महिनाभर ठेवले असते तरी त्या माशांवर काहीही दिसले नसते. या मुद्द्याकडे शेवटी पुन्हा येऊ.

काय दिसले

डिसेंबरच्या शेवटी थंडीची लाट आली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला हे रोज सकाळी पेपरात येत होते आणि तालुकाभर बागांमधून शेकोट्या पेटत होत्या. विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कोमट असते, म्हणून लोक तीन वाजता उठून ड्रिप सुरू करत होते. मण्यांना तडे जातील या धास्तीने नानांना तळ्याकडे बघायला सवड नव्हती.

काकूंना पहिल्यांदा एका असागीच्या शेपटीच्या कडेला दुधाळ ठिपका दिसला. खाद्य चिकटले असेल असे वाटले. दोनेक दिवसांनी तो पसरला होता आणि दुसऱ्या माशाच्या छातीच्या परावरही तसाच आला होता. मासा हातात घेतला तर तो ठिपका बुरशीसारखा कापसाळ नव्हता. गुळगुळीत, घट्ट आणि थोडा उंच होता, मेणबत्तीचे मेण सांडून थिजावे तसा. बोटाने निघत नव्हता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असे आठ मासे झाले. आठही मोठे, आणि एक सोडून सगळे ऑक्टोबरमध्ये आणलेल्या वीसांतले.

बाकी मासे बरे होते. खाणे कमी झाले होते, पण थंडीत ते सगळ्यांचेच कमी होते. कोणी पाण्याच्या वर येऊन हवा घोटत नव्हते, कोणी तळाशी पडून नव्हते, एकही मेला नव्हता. पहाटे पाण्याचे तापमान १६ अंश होते. हा आकडा मिळाला तो भाच्याने दुधाच्या कॅनमधला थर्मामीटर दोरीला बांधून सोडला म्हणून. पुढच्या सगळ्या निर्णयांचा आधार तोच ठरला.

याच आठवड्यात कुर्ल्याची मागणी आली होती. पावसाळ्यात काढलेली तीनशे बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, हवी होती. ती त्याच तळ्यात, हाप्यात होती आणि दिसायला स्वच्छ होती. नानांनी व्यापाऱ्याला मोठ्या माशांचा फोटो पाठवला. उत्तर आले, “नाना, डागी माल नको. बारीक माल साफ असेल तर बुधवारी गाडीत टाका.”

सल्ल्यांचा पाऊस

द्राक्षवाल्याच्या घरात पानावर डाग दिसला की संध्याकाळपर्यंत पंप सुरू होतो. भुरी असो, डावणी असो, थांबून बघणे म्हणजे हंगाम घालवणे. नानांचा पहिला विचार त्याच वळणाने गेला. बोर्डोसाठी आणलेले मोरचूद घरात होतेच आणि मोरचुदाने तळ्यातले शेवाळ मरते हे त्यांना ठाऊक होते. कृषी सेवा केंद्रातल्या ओळखीच्या माणसाने पोटॅशियम परमँगनेट सुचवले. हौशी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने मॅलाकाइट ग्रीन हे रंगद्रव्य सांगितले, दुसऱ्याने मीठ. तिसऱ्याने फोटो पाहून थेट निकाल दिला : हा कोई हर्पिस आहे, सगळे मासे मारून तळे ब्लीचिंगने धुवा. चौथ्याने ब्लेडने गाठ खरवडून वर पोव्हिडोन आयोडीन लावायला सांगितले. नानांनी एका माशावर तेवढे करूनही पाहिले.

त्या माशाच्या जखमेवर चार दिवसांत लाल कडा आल्या, मग बुरशी धरली आणि तो मेला. या सगळ्या प्रकरणात दगावलेला हा एकमेव मोठा मासा.

त्यानंतर काकूंनी ठामपणे सांगितले, “आता कोणी जाणतं माणूस बघेपर्यंत तळ्यात काही पडायचं नाही.” भाच्याच्या ओळखीतून मत्स्य महाविद्यालयात रोगशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमशी फोन झाला.

निदान कसे झाले

मॅडमनी गाठीचा फोटो मागण्याआधी तीन गोष्टी विचारल्या. पाणी किती गार आहे? किती मेले? कल्ले कसे दिसतात? मासा उचलून कल्ल्याचे झाकण वर करायला सांगितले. आतला रंग लालभडक आणि सारखा होता. पांढरे, कुजलेले पट्टे नव्हते.

एवढ्यावरच अर्धा गोंधळ निवळला. कोई हर्पिस म्हणजे सायप्रिनिड हर्पिसव्हायरस ३, संक्षेपाने केएचव्ही. १९९०च्या दशकाच्या शेवटी इस्रायल आणि अमेरिकेत त्याने कोई आणि सायप्रिनसची तळीच्या तळी साफ केली. तो कल्ले कुजवतो आणि काही दिवसांत बहुतेक मासे मारतो. दोन आठवडे गाठी अंगावर बाळगून मासे खात-फिरत असतील तर हे चित्र केएचव्हीचे नाही. कार्प एडिमा हा दुसरा संशय. तो पॉक्स कुळातला विषाणू आहे, भारतातल्या कोईंमध्ये त्याची नोंद झाली आहे आणि गार पाण्यातही तो उद्भवतो. पण त्यात मासे तळाशी आडवे होऊन झोपल्यासारखे पडतात. इथे तसे नव्हते. तरी दोन्हींची चाचणी करायची असे ठरले, कारण फोनवर ऐकलेल्या लक्षणांच्या भरवशावर शेकडो मासे बाजारात पाठवता येत नाहीत.

भाचा एक आजारी मासा जिवंत घेऊन गेला. गाठीवरचा ओला खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात गुच्छाने चिकटणारे एपिस्टायलिस हे सूक्ष्मजीव नव्हते, बुरशीचे धागे नव्हते, मिक्सोबोलस या परजीवीचे बीजाणू नव्हते. लिम्फोसिस्टिसचा विचार फार वेळ झाला नाही. इरिडोव्हायरसच्या त्या रोगात एकेक पेशी फुगून डोळ्यांना दिसेल इतकी मोठी होते आणि रव्यासारखे दाणे येतात. इथे दाणे नव्हते, सपाट थर होता, आणि कार्प कुळातल्या माशांत तो रोग सहसा आढळतही नाही. परासह गाठीचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि एक अल्कोहोलमध्ये ठेवला. फॉर्मॅलिनमधला ऊतकांच्या तपासणीसाठी, अल्कोहोलमधला पीसीआरसाठी. हे दोन वेगळे करावे लागतात, कारण फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या तुकड्यावर पीसीआर नीट होत नाही. शेतकऱ्याने मेलेला मासा बर्फात घालून पाठवला तर ऊतकांच्या तपासणीला तो जवळजवळ निरुपयोगी असतो. पाण्याबाहेर माशाची कातडी फार लवकर सडते.

मधल्या काळात एक गमतीचा भाग झाला. नानांच्या यादीत आजारी म्हणून दहा मासे होते, काकूंच्या यादीत आठ. जास्तीच्या दोन माशांच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांवर बारीक पांढरे खडे होते. काकूंनी त्यावर बोट फिरवून सांगितले, “हे रोगट नाहीत, नर आहेत.” बरोबर होते. आपल्याकडे सायप्रिनसचा एक विणीचा हंगाम जानेवारी ते मार्च असतो आणि त्या सुमारास नरांच्या अंगावर असे खरखरीत फोड येतात. गाठ गुळगुळीत लागते, फोड सँडपेपरसारखे. डोळ्यांनी फसायला होते, बोटाने होत नाही.

अहवाल आला. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींची बेसुमार वाढ झाली होती, खालच्या थरात शिरकाव नव्हता. केएचव्ही नाही, कार्प एडिमा नाही. सायप्रिनिड हर्पिसव्हायरस १ आहे. मासे पाळणारे याला कार्प पॉक्स म्हणतात. नावात पॉक्स असले तरी हा हर्पिस वर्गातला विषाणू आहे. नाव जुने आहे आणि रोग त्याहून जुना. युरोपात १५६३ मध्ये कॉनराड गेस्नर या निसर्गअभ्यासकाने कार्पच्या अंगावरच्या अशा गाठींचे वर्णन करून ठेवले आहे. विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तो १९६४ साली, आणि १९८०च्या दशकात जपानी संशोधकांनी तो वेगळा काढला, तोही असागी कोईच्या गाठींमधूनच.

मॅडमनी नानांना समजावताना नागिणीचा दाखला दिला, आणि तो नुसता दाखला नव्हता. लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाच्या नसांमध्ये विषाणू दबा धरून बसतो आणि पुढे अंगात ताकद कमी झाली की नागीण उठते. या माशांतही गाठी गळून गेल्यावर विषाणूचे अंश नसांच्या ऊतकांत सापडले आहेत. गार पाण्यात माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि गाठी उठतात. पाणी वीस अंशांच्या वर जाऊन टिकले की प्रतिकारशक्ती जागी होते, गाठी मऊ पडतात आणि गळतात. मासा विषाणूमुक्त मात्र होत नाही. यावर औषध नाही, लसही नाही. माणसाला हा विषाणू लागत नाही. खाद्य टाकायला घरातली मुले तळ्यावर जात असल्याने काकूंनी हे दोनदा विचारून घेतले.

पहिला निर्णय : तळ्यात काही टाकायचे का?

विषाणूवर यातले काहीच चालत नाही हे कळल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. मिटला नाही. “निदान मीठ तरी टाकू, मिठानं वाईट काय होणार आहे?” असे नानांचे म्हणणे. मग मिठाचा हिशेब कागदावर मांडला. माशांवरचा ताण कमी करायला लिटरला तीन ग्रॅम मीठ लागते. पंधरा लाख लिटरला होते साडेचार टन. आणि ते पाणी ड्रिपमधून द्राक्षाच्या मुळाशी जाणार. द्राक्षाला क्लोराइड सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. मण्यांत साखर भरण्याच्या दिवसांत ही जोखीम कोणताही बागायतदार घेणार नाही. नानांनी हिशेब वाचला आणि विषय स्वतःच बंद केला.

मोरचुदाचा डोस चुकला की मासे आधी मरतात. मॅलाकाइट ग्रीन माशाच्या मांसात मुरून राहते आणि त्याच तळ्यात घरी खायचे सायप्रिनसही होते. तळे रिकामे करून धुण्याचा सल्ला देणाऱ्याला बागेचे वेळापत्रक माहीत नव्हते. जानेवारीत ते पाणी सोडून दिले असते तर मार्चचा माल गेला असता.

तळे गरम करण्याची कल्पना भाच्याची. तीही मांडून पाहिली. पंधरा लाख लिटर पाणी पाच अंशांनी वर न्यायला साधारण ८,७०० युनिट वीज लागते, आणि रात्रीत निसटणारी उष्णता त्यात धरलेली नाही. दहा हजार लिटरच्या हौदाला मात्र तेवढ्याच वाढीसाठी ५८ युनिट पुरतात.

म्हणून तोडगा हौदाचा निघाला. आजारी सात मासे सिमेंटच्या हौदात घेतले. हौद वर पॉलिहाऊसच्या जुन्या कागदाने झाकला, जेणेकरून दिवसाची ऊब धरून राहील. विहिरीचे पाणी चोवीस अंशांच्या आसपास होते, पण तळ्यातल्या १६ अंशांच्या माशाला त्यात सरळ टाकणे म्हणजे झटका देणे. आधी हौदात तळ्याचेच पाणी भरले आणि रोज थोडे विहिरीचे मिसळून आठवड्याभरात तापमान वर आणले. विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून पाइप उंचावर बांधून धार पाडली. हौदाला वेगळी जाळी आणि वेगळी बादली दिली, दोन्ही वापरून झाल्यावर उन्हात वाळवायची.

माझ्या मते हे सगळे ठीक होते, पण अत्यावश्यक नव्हते. त्याचा खरा उपयोग वेगळाच झाला. घरात काहीतरी चालू आहे असे दिसले, त्यामुळे कोणी रात्री जाऊन तळ्यात पुडी सोडली नाही.

दुसरा निर्णय : स्वच्छ दिसणारा माल पाठवायचा का?

या प्रकरणातला अवघड प्रश्न हाच होता आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेकडे नव्हते.

बोटुकली त्याच पाण्यात होती. अंगावर काही नव्हते. व्यापाऱ्याला ती हवी होती. मुंबईचे पाणी निफाडसारखे गार होत नाही, त्यामुळे विषाणू असला तरी तिथल्या टाकीत गाठ कधीच दिसणार नाही. गिऱ्हाइकाला कळणार नाही, व्यापाऱ्याला कळणार नाही. कार्प पॉक्स जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीतला रोग नाही, केएचव्ही त्या यादीत आहे. म्हणजे कळवण्याचे बंधनही आडवे येत नव्हते. आणि माल विकला नाही तर खाद्याचा खर्च वाढत जाणार होता.

नाना पाठवायच्या बाजूने होते. त्यांचा युक्तिवाद वेडगळ नव्हता : मासा मरत नाही, खाणाऱ्याला धोका नाही, दिसण्यात फरक नाही, मग नुकसान कोणाचे? काकूंचे उत्तर साधे होते. “कुर्ल्याहून तो मासा कुठं जातो हे आपल्याला माहिती आहे का?” कुर्ल्यातून माल पुण्याला जातो, बंगळूरला जातो, थंड हवेच्या ठिकाणच्या हॉटेलांच्या तळ्यांत जातो. कोणी त्यातला मासा प्रजननासाठी घेतला तर त्याच्या पिल्लांत विषाणू शिरतो. नानांनीही ऑक्टोबरमध्ये असाच स्वच्छ दिसणारा माल विकत घेतला होता.

शेवटी बुधवारची गाडी गेली नाही. नानांनी व्यापाऱ्याला फोनवर अहवाल वाचून दाखवला. तो वैतागला, आठवडाभर फोन उचलला नाही आणि मग स्वतःच विचारले की घरगुती टाकीत ठेवायला हरकत आहे का. हरकत नव्हती. जिथे दुसरे कार्प नाहीत आणि पिल्ले काढायची नाहीत तिथे हा मासा निर्धोक आहे. त्या अटीवर, नेहमीपेक्षा कमी भावात, मार्चअखेर माल गेला. व्यापाऱ्याने अट पाळली की नाही हे तपासायचा मार्ग नाही. सांगितल्यामुळे जबाबदारी वाटली गेली, एवढेच.

आणखी एक वाट याच वेळी बंद केली. नको असलेले मासे कालव्यात किंवा नदीत सोडून देण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि ते पुण्यकर्म समजले जाते. निफाडमध्ये ती वाट गोदावरीतून नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयात जाते. ती रामसर दर्जाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा आहे आणि तिथे सायप्रिनसवर जगणारे मच्छीमार आहेत. एकही मासा बाहेर सोडायचा नाही, हे घरातल्या गड्यांनाही बजावून सांगितले.

तिसरा निर्णय : फेब्रुवारीत पिल्ले काढायची का?

कार्प पॉक्समध्ये मोठ्या माशाला फक्त कुरूपता येते. जीव जातो तो पिल्लांचा. जपानी प्रयोगांत दोन आठवड्यांच्या पिल्लांना हा विषाणू लागल्यावर बहुतेक मेली, दोन महिन्यांची झालेली पिल्ले जवळपास सगळी वाचली, आणि वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या अंगावर काही महिन्यांनी गाठी आल्या. मॅडमनी म्हणूनच सुचवले की या फेब्रुवारीत अंडी घेऊ नका. सायप्रिनसची दुसरी वीण जुलै-ऑगस्टमध्ये होते. तेव्हा पाणी गरम असते, पिल्ले नाजूक वय उबेत काढतात.

उत्तर अमेरिकेतल्या वॉलआय नावाच्या माशाची गोष्ट इथे आठवते. न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा सरोवरात त्याच्या अंगावर दर हिवाळ्यात गाठी येतात. विषाणू अगदी वेगळा, रेट्रोव्हायरस, पण ऋतूचा ताल तोच. वसंतात गाठी गळतात आणि नेमके त्याच वेळी मासे विणीसाठी दाटीने एकत्र येतात. म्हणजे विषाणूला नवा यजमान हवा असतो तेव्हा यजमान जवळच असतात. गाठ गळू लागली म्हणजे मासा बरा झाला, आता जोडी लावा, असे आपल्याला वाटते. तो काळ जोडी लावण्याचा नव्हे.

नानांनी ऐकले, पण पूर्ण नाही. गाठी नसलेल्या एका जोडीची अंडी त्यांनी फेब्रुवारीच्या मध्यावर वेगळ्या हाप्यात घेतली. पिल्ले निघाली, पोहू लागली आणि तिसऱ्या आठवड्यात बहुतेक मेली. त्या आठवड्यात पुन्हा थंडी पडली होती, आणि थंडीनेही एवढी लहान पिल्ले मरतात. मेलेल्यांतली एकही अल्कोहोलमध्ये ठेवली नाही, त्यामुळे कारण सांगता येत नाही. नाना म्हणतात थंडी. काकू काही म्हणत नाहीत.

परिणाम

हौदातल्या माशांच्या गाठी साधारण तीन आठवड्यांत मऊ पडून गळाल्या. तळ्यात राहिलेल्या काही माशांवर नंतर उठलेल्या गाठी मार्चच्या मध्यापर्यंत आपोआप गेल्या. जिथे गाठ होती तिथे फिकट गुलाबी डाग राहिले, दोन असागींच्या परांचा आकार कायमचा बिघडला. एवढ्याशा डागानेही प्रदर्शनाच्या माशाची किंमत उतरते, त्यामुळे ते दोघे आता फक्त घरच्या तळ्याचे.

जुलैमध्ये घेतलेल्या अंड्यांतून पिल्ले चांगली निघाली, चांगली वाढली. ती वाहक नाहीत असा याचा अर्थ नाही, आणि हे काकूंनी व्यापाऱ्याला आधीच सांगून टाकले.

पुढच्या जानेवारीत गाठी परत आल्या. चार मासे तेच, दोन नवे. या वेळी फोन कोणाला झाला नाही. काकूंनी वहीत तारीख, तापमान आणि माशाची खूण लिहिली, खाद्य कमी केले आणि मोठ्या माशांना जाळे लावणे बंद केले, कारण हाताळणीत गाठ फाटली की तिथून जिवाणू शिरतात. नाना बागेत शेकोट्या पेटवण्यात गुंतले होते.

वेगळे काय करता आले असते

विलगीकरणाचा सल्ला अर्धवट दिला जातो. “नवे मासे महिनाभर वेगळे ठेवा” हे केएचव्हीसाठी आणि परजीवींसाठी योग्य आहे. पण कार्प पॉक्सचा मासा कोमट पाण्यात वर्षभर वेगळा ठेवला तरी स्वच्छच दिसेल. ऑक्टोबरमध्ये करायला हवे होते ते असे : विकणाऱ्याला विचारायचे की थंडीत या माशांवर कधी पांढरे डाग आले होते का, आणि गेल्या जानेवारीतले फोटो मागायचे. हौशी माणसे फोटो भरपूर काढतात. प्रजनक मासे घ्यायचेच असतील तर जानेवारीत, माशाचे सगळ्यात वाईट रूप दिसते तेव्हा घ्यावेत. असे केले असते तर त्या वीसांतले निदान चार तरी विकत घेतले गेले नसते.

खरवडलेल्या माशाचे मरण टाळण्यासारखे होते. गाठ काढून टाकणे हा माणसाचा सहज आवेग आहे, पण गाठ काढली तरी विषाणू अंगातून जात नाही, त्यामुळे खरवडून मिळते ती फक्त उघडी जखम. ओल्या थंडीत माशाची जखम लवकर भरत नाही.

तपासणीला उशीर झाला. पहिला ठिपका दिसल्यापासून प्रयोगशाळेपर्यंत तीन आठवडे गेले आणि त्यातले दोन सल्ले गोळा करण्यात. तालुक्याच्या पातळीवर माशांचा डॉक्टर सापडत नाही हे खरे आहे. पण २०२३ पासून केंद्र सरकारचे ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे ॲप आहे, त्यावर फोटो आणि लक्षणे टाकून जिल्हा मत्स्य अधिकारी आणि तज्ज्ञांपर्यंत पोहोचता येते. कोणी ते वापरले नाही, कारण कोणाला माहीतच नव्हते. हा रोग केएचव्ही असता तर त्या दोन आठवड्यांत तळे रिकामे झाले असते.

मेलेल्या पिल्लांची गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. दहा-बारा पिल्ले छोट्या बाटलीत अल्कोहोलमध्ये टाकायला दोन मिनिटे लागतात. ती चाचणी झाली असती तर फेब्रुवारीची वीण कायमची बंद करायची की नाही याचे उत्तर मिळाले असते. आता ते उत्तर मिळवायला आणखी एक हंगाम खर्ची घालावा लागेल, आणि नाना त्याला तयार नाहीत. काकूंनी मात्र मत्स्य महाविद्यालयातून अल्कोहोलच्या सहा बाटल्या आणून हाप्याशेजारच्या पेटीत ठेवल्या आहेत.

असागींचे काय करायचे यावर घरात अजून एकमत नाही. नानांना ते काढून टाकायचे आहेत. काकूंचे म्हणणे असे की विषाणू तळ्यातल्या सगळ्याच मोठ्या माशांत पोहोचला असणार, तो असागींवर दिसतो एवढेच. त्यांना काढले तर थंडीत इशारा देणारेच जातील. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि पुढची खरेदी होईपर्यंत हा निर्णय थांबू शकतो.